अंजूच्या नावावरचे टाके

बेबीबाई राठोड गप्प बसली की लिंबडी तांड्याला चुकल्यासारखं होतं. मानोऱ्याहून येणारी काळीपिवळी ज्या वळणावर थांबते, तिथपर्यंत तिचा आवाज पोचतो. कोंबडी कोणाच्या अंगणात शिरली, नळाला आधी भांडं कोणी लावलं, मुकादमानं कोणाला कोणत्या गाडीत बसवलं, सगळ्यात तिचं म्हणणं असतं आणि ते मांडल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नाही. घरात बोली बंजाऱ्यांची, गोरमाटी. पण भांडण रंगात आलं की बेबीबाई सरळ वऱ्हाडीवर येते. शेजारच्या वावरात काम करणाऱ्या गावकऱ्यांनाही चूक कोणाची ते नीट कळावं, एवढाच तिचा हेतू.

दरवर्षी दिवाळी झाली की ती आणि तिचा नवरा मदनसिंग ऊसतोडीला जातात. तिकडे नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. या कोयत्याचं पातं म्हणजे बेबीबाई आणि मूठ म्हणजे मदनसिंग, असं तांड्यातली पोरं चिडवतात. मदनसिंग हसतो. बोलण्याचं सगळं काम त्यानं लग्नातच बायकोकडे सोपवून टाकलं होतं, आणि त्याबद्दल त्याची कधीच तक्रार नव्हती.

अशी ही बाई एका माणसाशी मात्र चार वर्षं शब्दानं बोललेली नव्हती. ते माणूस म्हणजे तिची धाकटी जाऊ, अंजू. मदनसिंगच्या धाकट्या भावाची, हेमसिंगची बायको. दोघींची घरं एका भिंतीनं जोडलेली. इकडे फोडणी पडली की तिकडे शिंक येते. पण बेबीबाई अंजूच्या दारावरून जाताना मान अशी ताठ करायची की, मानेत काही अडकलंय की काय असं बघणाऱ्याला वाटावं.

यंदा सोयाबीन काढणीला आलं आणि बेबीबाईच्या पोटानं दगा दिला. बरगडीखाली उजव्या बाजूला तिच्या जुन्या ऑपरेशनची लांब खूण आहे. सात वर्षांपूर्वी तिथून पित्ताची पिशवी काढली होती. त्या खुणेच्या मधोमध एक फुगा यायला लागला. खोकलं की बाहेर, आडवं झालं की आत. आधी तिनं पोटाला फडकं घट्ट बांधून विळ्यानं सोयाबीन सोंगलं. एक दिवस मात्र फुगा बाहेर आला तो आत जाईचना. वावरातच ती ओकली, घामानं निथळली. मदनसिंगनं तिला जीपमध्ये घालून कारंज्याला नेलं.

कारंज्याच्या डॉक्टरांनी दाबून दाबून तो फुगा आत बसवला आणि बजावलं, "हा हर्निया आहे. यावेळी नशिबानं आत गेला. पुढच्या वेळी आतडं अडकलं तर वाशीम-अकोला गाठेपर्यंत जीव राहणार नाही. ऊसतोडीला जायच्या आधी ऑपरेशन करून घ्या."

बेबीबाई तयार होती. तिच्याकडे आता सरकारच्या मोफत उपचाराच्या योजनेचं स्वतःचं कार्ड होतं, त्यावर तिचा स्वतःचा रागीट फोटो होता. तपासण्या झाल्या, रक्त झालं आणि शेवटी तिला भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंसमोर बसवलं. वैजयंती मॅडम म्हणतात त्यांना सगळे. बारीक अंगाच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, "मागच्या ऑपरेशनच्या वेळी भुलीचा काही त्रास झाला होता का?"

"त्रास?" बेबीबाई म्हणाली. "मॅडम, मी तवा मेली होती."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग बेबीबाईनं सांगितलं की ऑपरेशन झाल्यावर तिचा श्वासच परत येईना, मशीनवर ठेवलं होतं, दुसरा दिवस उजाडला तेव्हा ती माणसांत आली. सुट्टी देताना तिथले डॉक्टर म्हणाले होते, एक औषध तुम्हाला मानवत नाही, कागदावर लाल पेनानं लिहिलं आहे, हा कागद जपून ठेवा.

"कुठं आहे तो कागद?"

"नाई ना."

"मग त्या दवाखान्यातून नक्कल आणा. आम्ही एका भुलीत पाच-सहा औषधं देतो. त्यातलं कोणतं तुम्हाला चाललं नाही हे कळल्याशिवाय मी तुम्हाला हात लावणार नाही. पुन्हा तेच गेलं तर?" आणि मग धीर देत म्हणाल्या, "घाबरू नका. तुमच्या आजाराचे कागद तुमचे असतात. पेशंटनं अर्ज दिला की दवाखान्याला नक्कल द्यावीच लागते. हक्कानं मागा."

हक्कानं मागायची बेबीबाईला आयुष्यभराची सवय. पण त्या दिवशी कारंज्याहून परत येताना ती जीपमध्ये एक अक्षर बोलली नाही. मदनसिंगही गप्प होता. फरक इतकाच की त्याच्या गप्प बसण्याची कोणाला काळजी वाटत नाही. दोघांनाही ठाऊक होतं की तो कागद बेबीबाईचा असला तरी बेबीबाईच्या नावाचा नव्हता.

सात वर्षांपूर्वी बेबीबाईच्या पोटात पित्ताच्या खड्यांनी उच्छाद मांडला, पिशवी आत सडायला आली, तेव्हा तिच्याजवळ कार्ड नव्हतं. दोघा भावांची रेशनकार्डं वेगळी झाली, ऑनलाइन नावं चढली, तेव्हा बेबीबाई आणि मदनसिंग उसाच्या फडात होते. ऊसतोड्यांचं हे नेहमीचंच. शिबिरं भरतात हिवाळ्यात आणि तांडा रिकामा असतो हिवाळ्यात. हेमसिंग मात्र गावात राहून शेती बघायचा, म्हणून त्याच्या घरातली सगळी नावं जागच्या जागी होती. वाशीमच्या एका खाजगी दवाखान्यात बेबीबाई बाकावर कळवळत पडली होती आणि खिडकीवरचा माणूस मदनसिंगला सांगत होता की नाव नाही तर योजना नाही. तेव्हा अंजूनं आपल्या पिशवीतून स्वतःचं कार्ड काढलं.

"लावा माह्यं," ती म्हणाली. "पोट कोनाचंबी असो, घरचंच हाय ना."

आधारच्या फोटोत अंजू पदराच्या सावलीत अर्धी बुडाली होती. तो फोटो अंजूचा होता, बेबीबाईचा होता किंवा तांड्यातल्या कोणाही बाईचा होता. दवाखान्यात गर्दी होती, कोणी बारकाईनं पाहिलं नाही. बेबीबाई अंजू म्हणून भरती झाली आणि अंजू तिची सोबतीण बेबीबाई म्हणून खाटेशेजारी बसली. दोघींना त्याची गंमतच वाटली होती.

गंमत संपली ती ऑपरेशननंतर. श्वास परत आला तरी ही बाई डोळे उघडेना. नर्स गालावर चापट्या मारत होती, "अंजूबाई, डोळे उघडा! अंजूबाई!" बेबीबाईला ते खोल विहिरीत बसल्यासारखं ऐकू येत होतं. तिला वाटत होतं, ही माणसं अंजूला एवढ्या हाका मारतायत आणि ही पोरगी ओ का देत नाही? आळशी कुठली. डॉक्टरांचे चेहरे उतरायला लागले. तेव्हा अंजू नर्सला बाजूला सारून पुढं झाली आणि तिच्या कानाशी वाकून म्हणाली, "बाई, ऊठ. कोंबड्या सुटल्या सगळ्या."

बेबीबाईनं डोळे उघडले.

ही गोष्ट पुढं तांड्यात किती वेळा सांगितली गेली आणि किती वेळा लोक हसले, त्याला हिशेब नाही. मात्र सुट्टीचा कागद अंजूच्या हाती आला तेव्हा ती हसली नाही. त्यावर ठळक अक्षरांत तिचं नाव होतं, नवऱ्याचं नाव होतं, वय होतं, आणि खाली आजार लिहिला होता. ज्याच्या नावाचा आजार कागदावर लिहिला त्याच्या घरात तो दबा धरून बसतो, असं तिच्या आईकडे मानत. बेबीबाईच्या घरात ठेवावा तर बेबीबाई दिवाळीनंतर पुन्हा उसाला जाणार आणि घर बंद राहणार. शेवटी होळी आली. तांड्याची होळी पेटली तेव्हा अंजूनं तो कागद तिच्यात टाकला आणि हात जोडले. ऑपरेशनमुळे त्या वर्षी उसाला न गेलेली बेबीबाई शेजारीच उभी होती. तीही म्हणाली, बरं झालं, गेली पीडा.

तिथंच सगळं चुकलं. होळीनं कागद घेतला, पण कॉम्प्युटरला होळीची झळ लागत नाही.

तीन वर्षांनी अंजूच्या पोटात दुखायला लागलं. तसंच, उजवीकडे, बरगडीखाली. आता याला योगायोग म्हणा. पित्ताचे खडे काही दुर्मीळ नाहीत, तांड्यातल्या आणखीही बायकांना झाले होते. पण कागदावरचा आजार शेवटी पोटात उतरला असंच सगळ्या म्हणाल्या आणि अंजूलाही ते पटलं. सोनोग्राफी झाली. पिशवी खड्यांनी भरलेली. कार्ड लावलं, तर कॉम्प्युटर म्हणाला, या बाईची पित्ताची पिशवी आधीच काढलेली आहे. खिडकीवरची मुलगी अंजूकडे संशयानं बघत म्हणाली, "एका माणसाला एकच पिशवी असते ताई. परत कशी काढता?"

अंजू तशीच बेबीबाईकडे आली. "बाई, चाल. आपण जाऊन खरं सांगू त्यायले."

तेव्हा बेबीबाईच्या दारात सामान बांधलेलं होतं. मुकादमाची गाडी दुसऱ्या दिवशी निघणार होती. खरं सांगितलं तर पोलीस येतील, सरकारला फसवलं म्हणतील, गाडी निघून जाईल, असं सगळं एकदम तिच्या डोक्यात आलं. ती घाबरली. आणि घाबरली की बेबीबाई ओरडते. "मले जेलात टाकायला निंगाली काय तू? तूच तं म्हणे, लावा माह्यं! मी काय मांगाले आलती काय तुह्याजवळ?" हे ती वऱ्हाडीत म्हणाली, सगळ्या तांड्याला ऐकू जाईल असं. अंजू आपल्या घरात गेली. दुसऱ्या दिवशी बेबीबाई गाडीत बसली.

उन्हाळ्यात परत आली तेव्हा अंजूनं पाठ फिरवली. मग बेबीबाईनंही मान ताठ केली. चूक आपली आहे हे माहीत असलेल्या माणसाची मान जितकी ताठ होते, तितकी दुसऱ्या कोणाची होत नाही. अंजू गोळ्या खाऊन दिवस काढायला लागली. तेलकट सोडलं, तिखट सोडलं. महिन्या-दोन महिन्यांत एकदा भिंतीपलीकडून तिच्या ओकाऱ्यांचा आवाज यायचा. तो आवाज आला की बेबीबाई भांडी जोरजोरात घासायची.

तर आता बेबीबाईला तोच कागद हवा होता. तिनं आधी एकटीनंच जाऊन पाहायचं ठरवलं. मानोऱ्याहून एसटी, मंगरूळपीरला बदली, असं करत ती वाशीमच्या त्या दवाखान्यात पोचली. कागदपत्रांच्या टेबलावर हरीओम नावाचा तरुण कारकून बसतो. गोरा, चष्मा लावणारा, सगळ्या बायकांना मावशी म्हणणारा.

"जुने कागद पायजेत मले," बेबीबाई म्हणाली. "हक्क हाय माह्या."

"हाये ना मावशी. अर्ज द्या, तीन दिवसांच्या आत नक्कल द्या लागते आमाले. नाव सांगा."

"बेबीबाई मदनसिंग राठोड."

हरीओमनं शोधलं. सालं मागंपुढं करून शोधलं. "या नावाचं कोनी भरतीच झालं नाई आपल्या अठी."

बेबीबाईनं इकडेतिकडे पाहिलं. "अंजू हेमसिंग राठोड पाहा बरं."

"हे हाये. पित्ताच्या पिशवीचं ऑपरेशन. फाइलबी असंन वरच्या माळ्यावर, आमचे डॉक्टर काईच फेकू देत नाईत." मग त्यानं चष्म्यावरून पाहिलं. "तुमी कोन त्यायच्या?"

"जाऊ."

"मंग त्यायलेच घेऊन या, आधार घेऊन. पेशंटचा कागद पेशंटलेच भेटते. दुसऱ्याच्या हाती नाई देता येत. उद्या तुमचा कागद म्या कोनाले देला तं चालंन काय तुमाले?"

बेबीबाईच्या ओठावर आलं होतं, अरे बापू, माझाच कागद आहे तो, त्यात माझंच पोट आहे, मीच मेले होते. पण मागे रांग होती. ती "बरं" म्हणाली आणि बाहेर आली. दवाखान्याच्या पायरीवर बसली आणि तिला रडू आलं. मुलीच्या, निताच्या, लग्नात ही बाई रडली नव्हती. वऱ्हाडाशी जेवणावरून भांडण चालू होतं, वेळच मिळाला नव्हता. त्या पायरीवर मात्र ती पदर तोंडात धरून रडली.

दुसऱ्या दिवशी अंजू अंगणात सोयाबीन पाखडत बसली होती. बेबीबाई आली, समोर बसली, दुसरं सूप ओढलं आणि पाखडायला लागली. अंजूनं वर पाहिलं नाही, पण सूपही हिसकावून घेतलं नाही. सूप रिकामं झाल्यावर बेबीबाई म्हणाली, "माह्यं पोट फाटून राह्यलं अंजू."

"आइकलं म्या."

"ते भुलीवाली मॅडम म्हणते का जुना कागद आन. अन् तो वाशीमवाला म्हणते का अंजूले आन."

अंजूचे हात थांबले. "म्हंजे माह्याशिवाय तुले तुह्यं पोट भेटत नाई."

"नाई."

अंजू हसली. त्यात आनंद नव्हता. "चार साल झाले, मलेबी तुह्याशिवाय माह्यं भेटून नाई राह्यलं. म्या म्हटलं होतं ना तुले, चाल म्हून. काहून नाई आली?"

बेबीबाईकडे याला उत्तर होतं. गाडीचं होतं, मुकादमाचं होतं, पोलिसांचं होतं. चार वर्षं ती ते तांड्यात ज्याला त्याला सांगत आली होती. अंजूच्या तोंडावर मात्र तिला ते सांगता येईना.

"भेली होती मी," ती म्हणाली.

अंजूनं सूप उचललं आणि घरात गेली. येईन म्हणाली नाही, येणार नाही असंही म्हणाली नाही. बेबीबाई उठून आपल्या घरी आली. पहाटे भिंतीपलीकडून ओकण्याचा आवाज आला. यावेळी बेबीबाईनं भांडी घासली नाहीत. ती नुसती भिंतीकडे बघत बसली.

उजाडल्यावर ती एकटीच वळणावर गेली, काय करणार ते तिचं तिलाच माहीत नव्हतं. तिथं अंजू आधीच उभी होती. चेहरा पिवळा पडलेला, हातात प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्ड.

"मी सही करते," अंजू म्हणाली. "कागद घे अन् ऑपरेशन करून टाक तुह्यं. माह्यं पाहू मंग कदीमदी. तू तठी काई सांगू नोको. भेव वाटते तं वाटू दे."

बेबीबाईला वाटलं होतं अंजू अट घालेल. अट घातली असती तर तिनं भांडून घेतलं असतं, भांडण तिला जमतं. हे असं फुकट मिळालेलं तिला कुठं ठेवावं ते कळेना. एसटीत तिनं अंजूला खिडकीजवळची जागा दिली.

हरीओमनं अंजूचा आधार पाहिला, अर्जावर सही घेतली. फाइल त्यानं आधीच काढून ठेवली होती, म्हणून तीन दिवस थांबायचंही काम नव्हतं. झेरॉक्सच्या मशीनमधून एकेक पान बाहेर येत होतं. तेवढ्यात त्यानं वरचं पान वाचलं आणि सहज, चांगुलपणानं विचारलं, "तुमाले तं लयच त्रास झालता अंजूबाई, भुलीचं औषध नाई मानवलं. आता पिशवी काढल्यावर बरं हाये ना? पोट नाई ना दुखत?"

अंजूचा उजवा हात बरगडीखाली दाबलेला होता. पहाटेपासून तो तिथंच होता. तिनं बेबीबाईकडे पाहिलंसुद्धा नाही. "नाई," ती म्हणाली. "काईच नाई दुखत."

बेबीबाईला ते सहन झालं नाही. सरळ सांगायचं तर इतकंच. तिनं टेबलावर हात आपटला. झेरॉक्सच्या रांगेतली माणसं वळली.

"खोटं बोलून राह्यली ते!"

"बाई," अंजू म्हणाली.

"तू चूप. चार सालापासून दुखते तिचं. रातदिस ओकते, भिंतीतून आइकते ना मी. तिची पिशवी तिच्या पोटातच हाय, गोट्यायनं भरेल. जे काढली ते माह्यी व्हय. मी बेबीबाई. तवा माह्याजवळ कार्ड नोतं म्हून इनं आपलं नाव देलं मले. आता तुमी तिले म्हणता तुले पिशवीच नाई." आणि तिनं लुगड्याचा पदर बाजूला करून भर खोलीत बरगडीखालची लांब खूण दाखवली. "हे पाहा टाके. आता तिले म्हणा दाखव तुह्ये."

हरीओमनं चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि वरच्या मजल्यावर पळाला.

थोड्या वेळानं त्यानं दोघींना मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत नेलं. डॉक्टर आता म्हातारे झाले होते. त्यांनी बेबीबाईची खूण पाहिली, बोट फिरवलं. "टाके माझेच आहेत," ते पुटपुटले. मग अंजूला आडवं करून बरगडीखाली दाबलं, तशी ती किंचाळली. डॉक्टर खुर्चीत बसले आणि चिडले. चांगलेच चिडले. तुम्ही लोकांनी फसवलंत, आता नोटीस मला येईल, योजनेची चौकशी लागेल, ही काय पोरखेळ करायची जागा आहे का. बेबीबाईनं सगळं ऐकून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं कोणाचं पूर्ण ऐकून घेतलं असेल.

मग ती म्हणाली, "चुकी माह्यी हाय, डॉक्टरसाहेब. नोटीस मलेबी येऊ द्या. पन तवा तुमीबी तोंड पाह्यलं नाई ना आमचं. या दोन बाया कोनत्या, हे लिवून द्या आता. नाई तं उद्या मी त्याच औषधानं मरीन अन् हे बिनऔषधाची मरंन."

डॉक्टर आणखी थोडं चिडले. पण शेवटी त्यांनी लिहिलं. सात वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झालेली बाई ही, ही दुसरी. बेबीबाईच्या पोटावर माझे टाके आहेत, अंजूच्या पोटात तिची स्वतःची पिशवी आहे. खाली सही, शिक्का, तारीख. भुलीच्या त्या औषधाचं नाव त्यांनी वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरांत काढून दिलं आणि म्हणाले, "हा मात्र जाळू नका." अंजूनं होळीची ती गोष्ट त्यांना सांगून टाकली होती.

पुढचं सगळं सुरळीत झालं असं नाही. कारंज्याला वैजयंती मॅडमनी ते नाव वाचलं, मान हलवली आणि बेबीबाईच्या केसपेपरवर लाल पेनानं लिहिलं. ऑपरेशन दुसऱ्या औषधांनी नीट पार पडलं. नर्सनं "बेबीबाई" अशी एकच हाक मारली आणि तिनं लगेच "काय व?" म्हणून डोळे उघडले. पण त्या वर्षीची उसाची गाडी गेली ती गेलीच. चौकशी लागली. दोन्ही जावांना वाशीमच्या ऑफिसात बोलावलं, जबाब झाले, सह्या झाल्या, परत बोलावलं. योजनेत पुन्हा नाव लागेल की नाही हे कोणी धड सांगेना. मदनसिंग दर खेपेला सोबत जायचा आणि बाहेर झाडाखाली बसायचा. अंजूची नोंद दुरुस्त व्हायला होळी उजाडली. त्या होळीत दोघींनी एकही कागद टाकला नाही. बेबीबाईनं आपले कागद एका पत्र्याच्या डब्यात घातले आणि डबा अंजूच्या घरात ठेवला. कारण विचारलं तर म्हणाली, माझ्या घरात उंदीर आहेत. खरं तर बेबीबाईच्या घरात एकही उंदीर नाही.

उन्हाळा लागता लागता अंजूच्या ऑपरेशनची तारीख आली, कारंज्यालाच. यावेळी अंजूचं कार्ड, अंजूचं पोट. सोबतीण म्हणून बेबीबाई. दोघी सकाळपासून बाकावर बसल्या होत्या. अंजू उपाशी आणि घाबरलेली. बेबीबाई तिला घाबरू नये म्हणून सांगत होती, आणि ते सांगताना इतकी मोठ्यानं बोलत होती की वॉर्डबॉयनं दोनदा गप्प केलं.

मग आतलं दार उघडलं. नर्स हातातला कागद बघत म्हणाली, "अंजू हेमसिंग राठोड?"

बेबीबाई झटकन उठून उभी राहिली. "हाव," म्हणाली.

नर्सनं तिच्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. बेबीबाई तशीच उभी. तिचं तिलाच कळलं नव्हतं आपण का उठलो ते. अंजूनं तिचा पदर धरला आणि हळूच खाली ओढला.

"बस बाई," ती म्हणाली. "आता मले जाऊ दे."